आमच्या वर्षांचं डेमरेज कोण भरणार?

गोदीत एक शब्द आहे. डेमरेज. यलो गेटच्या आत पहिल्यांदा पाऊल टाकलेल्या अडाण्यालाही तो आठवड्याभरात कळतो. कॉलेजात गेलेल्या दोस्तांना कळेलच असं नाही, म्हणून आधी तोच सांगतो.

बोटीतून माल उतरतो आणि शेडमध्ये, नाहीतर उघड्यावर, येऊन पडतो. पहिले काही दिवस माफ. तेवढ्या दिवसांत मालकानं कागदपत्रं पुरी करून माल उचलला तर ठीक. नाही उचलला की मीटर चालू. टनाला इतके, दिवसाला इतके. माल जितका जास्त पडून राहील तितका दर चढत जातो. शेटजी कितीही मोठा असो, त्याचा माणूस धावत येतो, साहेबापुढे हात जोडतो, पण डेमरेज भरल्याबिगर माल गेटाबाहेर पडत नाही. मी तिथंच ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. पावसात पडून पडून लाल झालेल्या लोखंडी कॉइल मी पाहिल्यात. पण कॉइलला दंड झालेला कधी पाहिला नाही. दंड मालकाला होतो. उशीर कोणी केला, हे गोदीला पक्कं ठाऊक असतं.

युनिव्हर्सिटी नावाच्या गोदीत मात्र उलटा कायदा आहे. तिथं माल म्हणजे आमची पोरं. कागद अडवतो खिडकीतला कारकून, पैसा अडवतो सरकारी हापिसातला साहेब, निकाल अडवतो परीक्षा घेणारा. आणि डेमरेज कोण भरतं? पोर भरतं. त्याचा बाप भरतो, आई भरते, आणि माझ्यासारखा भाऊ भरतो. म्हणजे कॉइल गंजली तर कॉइललाच दंड!

आता म्हणाल, तू मॅट्रिक माणूस, तुला पदवीचं काय पडलंय? कविता लिही, हुक धर, गप बस. दोस्तहो, मी दहावी झालो आणि बापाच्या जागी कामाला लागलो, कारण घरात एकालाच शिकता येईल एवढी भाकर होती. धाकटी बहीण माझ्याहून हुशार. ठरलं, की ती शिकेल. तिच्या डिग्रीत माझी मॅट्रिकच्या पुढची सगळी वर्षं घातलेली आहेत. म्हणून त्या डिग्रीचा हिशेब मागायचा हक्क माझा आहे, आणि तो मी ह्या पानावर मागणार आहे.

धाकटी २०१८ साली बी.कॉम.ला गेली. डिग्री तीन वर्षांची. हातात आली २०२४ साली. मधली तीन वर्षं कुठं गेली?

पहिल्या वर्षी प्रवेशालाच खिडकीतून आवाज आला, "पूर्ण फी भरा. स्कॉलरशिप आली की परत मिळेल." कॉलेजचं नाव मी घेत नाही. एकाचं घेतलं तर बाकीची सुटतील. आम्ही म्हणालो, साहेब, जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा दाखला आहे, ऑनलाइन फॉर्म भरलाय. आतला म्हणाला, "फॉर्म तुम्ही सरकारला भरलाय, आम्हाला नाही." आईनं मण्यांची पोत गहाण टाकली आणि पंचवीस हजार उचलले. शेकडा तीन रुपये महिना. शिक्षणाची सुरुवातच व्याजापासून झाली.

त्या वर्षी गणित-संख्याशास्त्रात केटी लागली. का लागली? ती सकाळी कॉलेज करून दुपारी एका दुकानात बिलं फाडत होती, कारण तीन रुपये शेकड्याचं व्याज महिन्याच्या महिन्याला द्यायचं होतं. संख्याशास्त्राच्या तासाला ती दुसऱ्याचा गल्ला मोजत होती. केटीची परीक्षा म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा फी. फॉर्म भरायला दोन दिवस उशीर झाला की लेट फी. ही लेट फी मला फार आवडते. पोराला दोन दिवस उशीर झाला तर दंड. सरकारची शिष्यवृत्ती आठ-आठ महिने उशिरा आली तर? निकाल दोन महिने लांबला तर? मार्कशीट सहा महिने कपाटात राहिली तर? तेव्हा लेट फी कोण कोणाला देतं? लेट फीचा रस्ता एकतर्फी आहे. आमच्याकडून तिकडे जातो, तिकडून आमच्याकडे येत नाही.

मग आला मार्च २०२०. टाळेबंदी. दुकान बंद, तिचा पगार बंद. कॉलेज म्हणालं, शिकवणं चालू आहे, मोबाईलवर. घरात मोबाईल एक, तो माझ्या खिशात, कारण मुकादमाचा फोन आला नाही तर पाळी चुकते. तिसऱ्या वर्षाची बाकी फी भरली नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म घेतला नाही. एक वर्ष गेलं. पुढचं वर्ष ती मॉलमध्ये काउंटरवर उभी राहिली, कर्ज फेडायला. दुसरं वर्ष गेलं. २०२३ साली तिसऱ्या वर्षाची परीक्षा पास झाली, पण पहिल्या वर्षाचं ते संख्याशास्त्र अजून मानेवर बसलेलंच होतं. ते सोडवलं. तर मार्कशीट मिळेना. "तुमच्या शिष्यवृत्तीचा हप्ता यायचाय. आधी बाकी भरा." तिसरं वर्ष असं खिडकीपुढे उभं राहून गेलं.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच कॉलेजांना बजावलंय, की प्रवेशाच्या वेळी पोरांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. कागदपत्रं अडवायला आता बंदी आहे म्हणून आता मार्कशीट अडवतात. माणूस अडवायची हौस ज्याला आहे त्याला कागद कुठलाही चालतो. जुन्या काळी गावात पाणवठा अडवायचे. आता खिडकी अडवतात. खिडकीला जाळी आहे आणि आतला हात पोराला शिवत नाही, पैसे मात्र त्या हाताला शिवलेले चालतात.

आता हिशेब मांडतो. गोदीतल्या टॅलीवाल्यासारखा, एकेक नग मोजून.

धाकटीला काउंटरवर महिना नऊ हजार मिळत होते. डिग्री हातात आल्यावर एका हापिसात लागली, सोळा हजार. फरक सात हजारांचा. डिग्री तीन वर्षं उशिरा आली, म्हणजे छत्तीस महिने. छत्तीस गुणिले सात हजार, झाले २,५२,०००. कर्जाचं व्याज, महिना साडेसातशे, चोवीस महिने, १८,०००. केटीची फी, लेट फी, पुन्हा फॉर्म, पुन्हा झेरॉक्स, सगळं मिळून ११,४००. एकूण २,८१,४००. माझी एक पाळी सहाशेची. म्हणजे ४६९ पाळ्या. महिन्याला सव्वीस पाळ्या धरल्या तर अठरा महिने मी बोटीतून लोखंड काढलं ते फक्त ह्या उशिराचं भाडं भरायला. शिक्षणाचा खर्च ह्यात धरलेला नाही. हा नुसता उशिराचा खर्च.

आणि हा दिसणारा हिशेब झाला. न दिसणारा ह्याच्याहून मोठा आहे. सरकारी नोकरीचं बघा. महाराष्ट्र सरकारचा बहुतेक नोकर ५८ व्या वर्षी घरी जातो. बावीसाव्या वर्षी लागला तर छत्तीस वर्षं नोकरी. पंचविसाव्या वर्षी लागला तर तेहतीस. लोक म्हणतात, जाऊ द्या, सुरुवातीचे तीन वर्षांचे पगार गेले, ते काय, थोडेच असतात. चूक! निवृत्तीची तारीख हलत नाही. उशिरा लागलेला माणूसही सुरुवात पहिल्याच पगारानं करतो. त्याची तुटतात ती शेवटची तीन वर्षं. पगार सगळ्यात जास्त असतो तेव्हाची. तीन वेतनवाढी त्याच्या अंगाला कधी लागतच नाहीत. आणि सेवाज्येष्ठता? त्याच्याबरोबर बारावी झालेला तीन वर्षं आधी लागला, तर हा जन्मभर त्याच्या खाली. बढती आधी त्याला, साहेबाची खुर्ची आधी त्याला. मग एक दिवस कुणीतरी पेपरात लिहितो, की वरच्या जागांवर दलित अधिकारी का दिसत नाहीत, बहुधा गुणवत्ता कमी पडत असावी. अरे, गुणवत्ता कमी पडली नाही. तीन वर्षं कमी पडली, आणि ती तुमच्या खिडकीनं खाल्ली.

वयोमर्यादेवरून तर फारच बोंब असते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्यांना ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. पाच वर्षांची सूट! केवढे लाड! मी म्हणतो, त्या पाचातली तीन तर तुम्ही पदवी द्यायच्या आधीच कापून घेतली. एका हातानं दिलेली वर्षं दुसऱ्या हातानं आधीच काढून घ्यायची आणि वर उपकाराची पावती मागायची. बँकेच्या कारकुनीचा फॉर्म बघा. नोंदणीच्या दिवशी तू पदवीधर पाहिजेस, नुसती परीक्षा दिलीय म्हणून चालत नाही. धाकटीच्या हाती मार्कशीट नव्हती, म्हणून दोन वर्षांच्या दोन जाहिराती डोळ्यांसमोरून गेल्या. तिसरी निघेपर्यंत जागा किती, कोण सांगणार?

पैशाचं सोडा. पैसा पुन्हा मिळवता येतो. जे पुन्हा मिळत नाही त्याचं काय?

वस्तीत बायका आईला विचारायच्या, "अजून शिकतीच का गं तुझी पोर? किती इयत्ता हायत त्या कॉलेजात?" आईला उत्तर माहीत नव्हतं. तिला वाटायचं पोरगीच काहीतरी लपवतेय. घरात भांडणं. मामा दर दिवाळीला एक स्थळ घेऊन यायचा आणि म्हणायचा, तीन वर्षांचं शिक्षण पाचव्या वर्षातही संपत नाही तर ते शिक्षण नव्हे, खूळ आहे. धाकटी रात्री माझ्याशी हळू बोलायची. एकदा म्हणाली, "दादा, मी खरंच ढ आहे का रे?" दोस्तहो, मी गोदीत काम करतो, दोन-चार टनांचा बोजा माझ्या डोक्यावरून क्रेननं जातो तेव्हाही मी घाबरत नाही. त्या प्रश्नाला मी घाबरलो. व्यवस्थेचा खरा नफा हाच आहे. उशीर ते करतात आणि लाज आम्हाला वाटते. त्यांचा गुन्हा आमच्या पोरीच्या तोंडून कबुलीजबाब होऊन बाहेर पडतो.

आणि शेजारची लहान पोरं बघत असतात. आमच्या गल्लीत एक पोरगा दहावीला बसणार होता. त्यानं मला सरळ विचारलं, "दिदीनं एवढी वर्षं शिकून काय मिळवलं? मी आत्ताच डिलिव्हरीला लागलो तर?" त्याला काय उत्तर देऊ? एका पोरीची डिग्री तीन वर्षं अडते तेव्हा गल्लीतल्या दहा पोरांचं शाळेवरचं मन उडतं. ह्याचं डेमरेज कुठल्या रेटनं लावायचं?

प्रस्थापितांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. पोरं अभ्यास करत नाहीत, फुकटचं मिळालं की किंमत राहत नाही, वगैरे. त्यांना मी एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्यानं १९१५ साली कोलंबियातून एम.ए. केलं, १९१६ साली लंडनला अर्थशास्त्र शिकायला गेला. पण १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीत होती, ती बोट लढाईत बुडाली. बडोद्याला करार म्हणून नोकरीला गेला तर राहायला खोली मिळेना, पारशी खाणावळीतून हाकलून दिलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा पैसा जोडला. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना नावाच्या मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा १९२० साली ह्याच मुंबई बंदरातून पुन्हा बोटीत बसता आलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाचा प्रबंध छापून निघाला १९२५ साली आणि पीएच.डी. रीतसर पदरात पडली ती १९२७ साली. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. आता सांगा, ह्यातलं कुठलं वर्ष डोकं कमी होतं म्हणून गेलं? एकही नाही. पैसा आणि जात, ह्या दोघांनी मिळून बाबासाहेबांच्या पदव्यासुद्धा उशिरा आणल्या. तिथं धाकटीची काय कथा!

बाबासाहेब ते विसरले नाहीत. मंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात बसले तेव्हा अस्पृश्य पोरांना मॅट्रिकनंतर शिकता यावं म्हणून सरकारच्या मागे लागले, आणि १९४४ साली ती शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं. नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून तिथले वर्ग सकाळी. म्हणजे त्यांनी वेळ हा प्रश्न ओळखला होता. गरीब पोराकडे बुद्धी असते, वेळ नसतो. तो वेळ कुणीतरी विकत घेऊन द्यावा लागतो. शिष्यवृत्ती म्हणजे तोच. ती भीक नव्हे.

आज त्या शिष्यवृत्तीचं काय केलंय? केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस. पैसे पोराच्या खात्यात येणार आणि पोरानं ते कॉलेजात भरायचे. कागदावर झकास. पण दोन सरकारं, दोन हप्ते, आणि खातं आधारला जोडलेलं नसेल तर शून्य. हप्ता येईपर्यंत कॉलेज थांबत नाही. कॉलेज पोराला पकडतं, पोर सावकाराला. साध्या पदवीला, घरी राहून शिकणाऱ्याला, निर्वाह भत्ता वर्षाला तीन हजार. दिवसाला आठ रुपये आणि काही पैसे. मुंबईत आठ रुपयांत वडापावसुद्धा येत नाही, आणि ह्यावर आम्ही निर्वाह करायचा! तेही वेळेवर नाहीत. आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की तेही बंद. नवरा-बायको दोघं ठेक्यावर राबली तरी ती रेषा ओलांडली जाते.

उशिरा आलेल्या पैशानं काय होतं ते देशानं १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला पाहिलंय. रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब होता, एक लाख पंचाहत्तर हजार. त्याला छळणाऱ्या गोष्टी अनेक होत्या, हॉस्टेलबाहेर काढलं होतं, बहिष्कृत केलं होतं. पण मरतानाही पोराला थकबाकी लिहावी लागली, हे मी विसरू शकत नाही. त्या पत्रानंतर सभा झाल्या, मेणबत्त्या लागल्या. थकबाकी ठेवायची सवय मात्र मोडली नाही.

कुणी म्हणेल, उशीर सगळ्यांनाच होतो, त्यात जात कशाला? चला, तेही घेऊ. २०१७ सालचं मुंबई विद्यापीठ. अचानक ठरलं, की सगळे पेपर संगणकावर तपासायचे. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. तयारी नाही, प्राध्यापकांना नीट शिकवलं नाही. कायदा सांगतो निकाल तीस दिवसांत लावा, कितीही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत. राज्यपालांनी ३१ जुलै ही तारीख घालून दिली. ती टळली, ऑगस्ट गेला, सप्टेंबर उजाडला, तरी निकाल लागतच होते. ऑक्टोबरात कुलगुरूंना काढलं. छान झालं. पण पोरांचे गेलेले महिने कोणी परत दिले?

हा उशीर खरंच सगळ्यांना झाला. पण बाप वकील असेल तर पोर तेवढे महिने बापाच्या ऑफिसात बसतं, इंग्रजीचा क्लास लावतं. त्याच्या आयुष्यात त्या महिन्यांचं नाव सुट्टी. नालासोपाऱ्याच्या, गोवंडीच्या पोराला त्याच महिन्यांत आलेली नोकरी मार्कशीट नाही म्हणून परत करावी लागते, आणि मग पोट थांबत नाही म्हणून तो मिळेल ते काम धरतो, आणि ते काम पुन्हा सुटत नाही. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण पत्र्याखालच्या आणि स्लॅबखालच्या माणसाला तो सारखा लागत नाही. सारखा उशीर हीच मोठी विषमता आहे.

आणि आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय. महाराष्ट्रात २०२४ सालापासून संलग्न कॉलेजांतही. चार वर्षांचा ऑनर्स. मध्येच सोडायची सोय आहे. एका वर्षात बाहेर पडा, सर्टिफिकेट घ्या. दोन वर्षांत बाहेर पडा, डिप्लोमा घ्या. तीनला पदवी. दोस्तहो, आमची पोरं पहिल्या-दुसऱ्या वर्षी बाहेर पडतच होती, पैसे संपले म्हणून. त्याला आधी गळती म्हणत. गळती म्हटलं की सरकारला लाज वाटायची, निदान वाटायला हवी होती. आता त्याच दाराला 'पर्याय' अशी पाटी लावली. छत गळतंय ते बुजवायचं नाही, खाली चांगलं भांडं ठेवायचं. आणि चौथं वर्ष कोण शिकणार? ज्याला वर्ष परवडतं तो. उद्या मालक म्हणेल, आम्हाला चार वर्षंवाला पाहिजे. म्हणजे तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांत ओढून आणलेली पोरगी पुन्हा एक पायरी खाली.

पुढचं ऐका. २०२४ च्या नोव्हेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगानं ठरवलं, की हुशार ठरेल तो पदवी लवकर संपवू शकेल आणि ज्याला जमत नाही तो एक-दोन सत्रं जास्त घेऊ शकेल. दोन्ही पदव्यांची किंमत सारखी, म्हणे. पण कागदावर नोंद राहणार, की ही नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी किंवा जास्त काळात पुरी झाली. किंमत सारखी असेल तर नोंद कशाला? आमच्या आडनावावरून ओळखत होते ते पुरेसं नव्हतं? आता डिग्रीवरही गोंदून ठेवणार, हा मागे राहिलेला. का मागे राहिला, कोणी मागे ठेवला, ह्याची नोंद मात्र त्या कागदावर असणार नाही.

आता जरा आपल्याही घरात डोकावू. आपण काय करतो? दहावी-बारावीत नव्वद टक्केवाल्याला जयंतीच्या मंडपात बोलावतो, हार घालतो, फोटो काढतो. बरं करतो. पण केटी लागलेल्या पोराला मंडपात खुर्ची नाही. तो मागे उभा राहून डीजेच्या वायरी सांभाळतो. एका जयंतीच्या डीजेच्या पैशात किती पोरांच्या परीक्षेच्या फॉर्मची फी निघाली असती, ह्याचा हिशेब आपण कधी मांडला? आपले पुढारी शिक्षणसंस्था काढतात, बाबासाहेबांचं नाव देतात आणि त्यांच्याही खिडकीतून तोच आवाज येतो, "आधी पूर्ण फी भरा." जाळी तीच, फक्त आतला माणूस आपला. तो आवाज आपल्या माणसाचा असला म्हणून मी त्याला जयभीम घालणार नाही. ज्यानं आपल्याच पोराचं वर्ष खाल्लं तो आपला कसा?

नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. म्हणून माझ्या मागण्या लिहितो. मी मॅट्रिक आहे, भाषा साहेबी नाही, पण मुद्दे मोजून घ्या.

एक. शिष्यवृत्तीस पात्र पोराकडून प्रवेशाच्या दारात एक पैसा घ्यायचा नाही. सरकार आणि कॉलेज आपसात भांडून घेऊ देत, पोराला मध्ये घेऊ नका.

दोन. शिष्यवृत्तीला उशीर झाला तर सरकारनं व्याजासकट द्यावी. सावकार आम्हाला ज्या दरानं देतो त्याच दरानं. मग बघा हप्ते कसे पळत येतात.

तीन. बाकीच्या नावाखाली मार्कशीट आणि हॉल तिकीट अडवणं हा गुन्हा ठरवा. नुसतं परिपत्रक नको. परिपत्रकाच्या आम्ही वस्तीत होड्या करतो.

चार. पंचेचाळीस दिवसांत निकाल नाही लागला तर परीक्षेची फी परत, आणि जितके महिने उशीर तितके महिने नोकरीच्या वयोमर्यादेत वाढवून द्या. खुल्या वर्गाच्या गरीब पोरालाही द्या. आम्ही कुणाचं हिसकावत नाही.

पाच. कमावत शिकणाऱ्या पोराची केटीची फी माफ, आणि त्याच्यासाठी सकाळ-संध्याकाळचे वर्ग. १९४६ साली जे सुचलं ते आज का सुचत नाही?

सहा. किती दलित-आदिवासी पोरं आत शिरली ह्याचे आकडे दरसाल छापता, तसे किती वेळेवर बाहेर पडली ह्याचेही छापा. कॉलेजनिहाय. नावानिशी.

आणि हे सगळं मागून मिळणार नाही हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला, वाचणाऱ्याला, एक काम सांगतो. मोर्चा जमेल तेव्हा काढू. पण जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा प्रत्येक वस्तीतले दोघे-तिघे जण नुसते खिडकीपुढे जाऊन उभे रहा. पहिल्यांदा येणाऱ्या पोरीच्या शेजारी. आतला म्हणेल, "तुम्ही कोण?" म्हणा, आम्ही तिचे भाऊ. म्हणा, जे बोलताय ते लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की ह्या लोकांचा आवाज कसा खाली येतो ते मी पाहिलंय. धाकटीची मार्कशीट शेवटी तशीच सुटली. मी, माझ्या टोळीतले चौघे, पाळीच्या कपड्यांत, अंगाला गंजाचा आणि तेलाचा वास, रांगेत गप्प उभे राहिलो. कारकुनानं बघितलं. म्हणाला, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "लिहून पाहिजे, की पैसे आल्याशिवाय मार्कशीट देणार नाही. सही-शिक्क्यासकट." तो आत गेला. वीस मिनिटांत मार्कशीट बाहेर आली. सहा महिने अडलेला कागद वीस मिनिटांत! म्हणजे तो कधी अडलेलाच नव्हता. अडवलेला होता.

त्या रात्री आईनं तो कागद कपाळाला लावला. वाचता येत नाही तिला. धाकटी हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "दादा, ह्यावर २०२१ लिहायला पाहिजे होतं."

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेलो. शेडमध्ये एका शेटजीचा माणूस डेमरेज माफ करा म्हणून साहेबापुढे रडत होता. साहेब म्हणाला, "कायदा म्हणजे कायदा. उशीर तुमचा, पैसे तुमचे."

बस्स. एवढाच कायदा पाहिजे. गोदीतून उचला आणि युनिव्हर्सिटीच्या दारावर लावा. उशीर तुमचा, पैसे तुमचे. आमच्या वर्षांचं डेमरेज आता तुम्ही भरा.